अक्कांच्या मापाचे पाटे

बावीस वर्षे मी पारनेरच्या न्यायालयात वकिली करतो आहे, आणि या बावीस वर्षांत माझ्या उलटतपासणीतून निसटलेला साक्षीदार एकही नाही, हे मी नम्रपणे नमूद करतो. तेव्हा चार लोखंडी कमानी मला चकवतील, अशी शंकासुद्धा माझ्या मनाला शिवली नव्हती! मोजमाप अचूक, युक्तिवाद निर्दोष आणि कारागीर आज्ञाधारक, एवढ्या तीन गोष्टी जुळल्या की कोणतेही वाहन सरळ उभे राहते, असा माझा सिद्धांत होता. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी माझ्यापाशी होत्या. तिसरीची उणीव मी आवाज चढवून भरून काढणार होतो.

वाहन म्हणजे माझी जीप. लष्कराने नगरला मांडलेल्या लिलावात मी ती घेतली. ओढा असो, ढेकळे असोत, डोंगराची पायवाट असो, ती कोठेही चढत असे. मात्र सपाट जमिनीवर ती सरळ उभी राहत नसे. शेजारच्या घरातले भांडण भिंतीला कान लावून ऐकणाऱ्या माणसासारखी ती कायम डावीकडे कललेली असे. मला त्याचे काही वाटत नव्हते. पण सन एकोणीसशे एकाहत्तरच्या माघ महिन्यात माझी पत्नी मालन हातात एक पोस्टकार्ड आणि डोळ्यांत पाणी घेऊन ओसरीवर आली.

"अहो, अक्का यायचं म्हणतीय! बारशाला!"

बारसे आमच्या मुलीच्या पहिल्या मुलीचे. आणि अक्का म्हणजे झुंबरबाई, मालनची थोरली बहीण, शेवगावला दिलेली. दोघींना भाऊ नाही, आईवडील केव्हाच गेले. एकमेकींना माहेर म्हणून दोघीच. आणि या दोघी बहिणी पाच वर्षांत एकमेकींशी एक अक्षर बोललेल्या नव्हत्या. त्याला कारण मी होतो, असे मालनचे म्हणणे. माझे म्हणणे असे की, कारण जीप होती.

पाच वर्षांपूर्वी मी अक्कांना जीपमधून पारनेरला आणत होतो. त्या माझ्या डाव्या हाताला बसल्या, डावी बाजू खाली गेली आणि मागचे चाक मडगार्डला घासू लागले. मी गाडी थांबवून अक्कांना मधोमध सरकण्याची विनंती केली. त्यांनी कारण विचारले. मी कारण सांगितले! उदाहरणांसह सांगितले. ते स्पष्टीकरण पाऊण तास चालले, आणि ते संपले तेव्हा अक्का समोरून आलेल्या एस.टी.ने शेवगावला परत गेल्या होत्या.

"तुम्ही स्वतः मुराळी म्हणून आणायला आलात तरच येईन, असं लिहिलंय तिनं," मालन म्हणाली. "आणि माझीही एक अट आहे. वजन, भार, जड, ओझं, यातला एक शब्द जरी तुमच्या तोंडून निघाला ना, तर मी अक्काबरोबर शेवगावला जाऊन कायमची राहीन!"

"पण मी तेव्हा जे म्हणालो, ते वस्तुतः—"

"अहो!"

मी थांबलो. युक्तिवाद अर्ध्यावर सोडण्याचा माझ्या आयुष्यातला तो पहिला प्रसंग. पण ते पोस्टकार्ड तिने पदराआड असे धरले होते की जणू मी ते पुरावा म्हणून जप्त करणार होतो.

तात्पर्य, जीप सरळ करणे भाग होते. अक्का बसल्यावरही ती सरळच राहिली, तर बोलण्याचा प्रसंगच उद्भवणार नव्हता.

एस.टी. स्टँडजवळ याकोब मिस्त्रीचे गॅरेज आहे. पंधरा वर्षे लष्कराच्या गाड्या दुरुस्त केलेला हा माणूस. तो जीपखाली शिरला आणि तेथूनच म्हणाला, "पाटे थकल्यात, सायेब."

पाटे म्हणजे चाकांवर गाडीचा डोलारा तोलून धरणाऱ्या, पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेल्या कमानी.

"थकणे हा सजीवांचा धर्म आहे, याकोब. पोलाद थकत नाही."

"मग ते खाली बसलंय ते काय ध्यानाला?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर होते, परंतु ते लांबलचक होते. याकोब बाहेर आला, हात पुसू लागला. "डावीकडचे पाटे काढतो. लोहाराकडनं तापवून बाक भरून घिऊ, वर एखादा पाटा वाढवू. पन त्या बाजूला बसनार कोन? किती वजनाचं? बाक कमी पडला तर गाडी बसंल, जादा झाला तर उचलंल. अंदाजे सांगा."

"अंदाज म्हणजे पुरावा नव्हे!"

"मग पुरावा आना. मी चहा पितो तवर."

अक्कांना विचारणे अशक्य. मालनला विचारणे त्याहून अशक्य. मी अक्कांचे यजमान काकासाहेब यांना पत्र लिहिले. मालनची अट तोंडातून निघणाऱ्या शब्दांपुरती होती, लेखणीचा तीत उल्लेख नव्हता, हे सुज्ञांच्या ध्यानी येईलच. पत्र असे: "सप्रेम नमस्कार. सौ. अक्कांचे वजन किलोमध्ये अचूक कळविण्याची कृपा करावी. कारण प्रत्यक्ष भेटीत सांगेन. बारशाच्या दिवसापर्यंत हा विषय कोणापाशीही काढू नये."

पाचव्या दिवशी उत्तर आले. "एकशे दहा किलो. काट्यावर मोजून लिहिले आहे. आम्ही काय ते ओळखले. आपण थोर आहात."

शेवटच्या वाक्याचा संदर्भ मला लागला नाही. पण त्यात वस्तुस्थितीला धरून नसलेले काही नव्हते, म्हणून मी पुढे गेलो.

"एकशे धा!" याकोब ओरडला. "सायेब, मानूस हाय का रेडकू?"

"हळू बोल! हा लेखी पुरावा आहे."

त्याने एकाऐवजी दोन पाटे वाढवले. लोहाराने बाक भरला. मी टेपने चारही कोपरे मोजले, ओळंबा सोडला, डाव्या बैठकीवर शंभर किलोचे ज्वारीचे पोते आणि वर दहा किलोचे माप ठेवून पाहिले. जीप तळ्यातल्या पाण्यासारखी सपाट! बॉनेटवर काचेची गोटी ठेवली, ती जागची हलली नाही! मग पोते उतरवले, आणि जीपची डावी बाजू वर्गात उत्तर येत असलेल्या पोराच्या हातासारखी ताडकन वर आली.

"आता?" मी विचारले.

"आता तुमच्या अक्का बसंस्तोवर आशीच ऱ्हानार."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी निघालो. घोडेगावला त्या दिवशी जनावरांचा बाजार होता. मी पाणी प्यायला थांबलो, तर एक म्हातारा दलाल जीपभोवती फिरून, चाकांकडे वाकून पाहून म्हणाला, "उजव्या अंगानं लंगडती. बैल असता तर म्या घेतला नसता."

सासुरवाडीच्या माणसांपुढे लंगडी गाडी नेणे मला रुचेना. मी रस्त्याकडेचे सात मोठे धोंडे उचलून डाव्या बैठकीवर आणि तिच्यामागे व्यवस्थित रचले. जीप सरळ झाली. अशा रीतीने, शेजारी सात धोंडे बसवून, मी शेवगावात प्रवेश केला.

काकासाहेबांच्या दारात सगळी आळी लोटली होती. हलगी वाजत होती! पाच सुवासिनी आरत्या घेऊन उभ्या होत्या. मी खाली उतरतो न उतरतो तोच काकासाहेबांनी मला कवेत घेतले.

"लोकहो, बगा! वजनंसुदिक संगं आनली पाव्हन्यानं!"

"कसली वजने?"

"आता कशाला लपवता? वजन इचारलं, कुनाला बोलू नका म्हनलं, तवाच वळाखलं आमी. बारशाला अक्काची गूळतुला करनार तुमी! पाच वर्सांमागं जो अपमान झाला, त्याची भरपाई! भारोभार गूळ सगळ्या पारनेरला वाटनार!"

माझ्या पायांखालची जमीन डावीकडे कलली. जिच्यापुढे वजन हा शब्द काढायची मला बंदी, तिला मी चारचौघांत तराजूच्या पारड्यात बसवणार होतो!

मी खुलासा करण्यासाठी तोंड उघडले. मुद्दे तयार होते, क्रमही लागला होता. इतक्यात अक्का दारात आल्या, आणि माझे तोंड तसेच उघडे राहिले. पाच वर्षांपूर्वीच्या अक्कांच्या जागी त्यांची सावली उभी होती. गळ्याची हाडे दिसत होती, पाटल्या कोपरापर्यंत चढवलेल्या होत्या. पण चेहरा मात्र उजळलेला.

"दाजी," त्या म्हणाल्या, "मनात होतं ते सगळं गेलं बघा. मालन कशी आहे? बाळ कुणावर गेलंय?"

काकासाहेबांनी मला धान्याच्या कणग्यांमागे ओढले. "टायफॉइड झाल्ता दिवाळीत. निम्मी ऱ्हायली. तीन महिनं आरसा बगत न्हाई ती. तुमच्या घरी कळवू दिलं न्हाई तिनं. तुमचं पत्र आलं तवा काट्यावर चढली, अठ्ठावन्न भरली. म्हनली, 'असं लिहू नका, मालन रडंल.' मग आकडा तिनंच सांगितला. म्या मोजलंच, पन लिहिलं तिनं सांगितलेलं."

"पण तुलेच्या वेळी काय करणार होतात?"

"ते तुमी बगाल. तुमी वकील हाय!"

मी बाहेर आलो तेव्हा उपकाराची कमाल झालेली होती. काकासाहेबांच्या भावाच्या गुऱ्हाळातून एकशे दहा किलो गूळ आला होता. आळीतल्या मंडळींनी माझे धोंडे उतरवून नेमके त्यांच्या जागी, डाव्या बैठकीखाली आणि मागे, गुळाच्या ढेपा रचून वर हळदकुंकूही वाहिले होते.

"ढेपा जरा उजवीकडे—" मी सुरुवात केली.

"पूजा झाल्यावर हलवत न्हाईत, वकीलसाहेब!" लंकाबाई नावाच्या एका वृद्ध शेजारणीने निकाल दिला. त्यावर अपील नव्हते.

काकासाहेब मागे उजवीकडे बसले. अक्का माझ्या शेजारी, गुळाच्या वर. पाटे कण्हले. एकशे दहाच्या जागी एकशे अडुसष्ट! याकोबने पाटे एकशे दहासाठी बनवले होते, आणि त्याने माझा शब्द अक्षरशः पाळला होता.

कुकाणे मागे पडले आणि खराब रस्ता लागला. प्रथम वास आला, रबराचा. मग तो आवाज आला, पाच वर्षे मी स्वप्नातही ओळखला असता असा: चाक मडगार्डला घासत होते!

अक्का बोलता बोलता थांबल्या. काकासाहेबांनी मागून डोळे मिटून घेतले, ते मला आरशात दिसले.

"दाजी," अक्का हळूच म्हणाल्या, "हा आवाज तोच ना?"

उत्तर माझ्या जिभेवर होते आणि ते शंभर टक्के खरे होते: दोष गुळाचा आहे, बाई, तुमचे काय ते अठ्ठावन्न किलो! माझे मोजमाप, माझे पाटे, माझा ओळंबा, सगळे निर्दोष आहेत! बावीस वर्षांत इतका भक्कम खटला माझ्या हाती आला नव्हता. मी त्यांच्याकडे पाहिले. त्या श्वास रोखून बसल्या होत्या, आणि कोपराजवळची पाटली खाली घसरू नये म्हणून दुसऱ्या हाताने धरून होत्या.

"तोच, अक्का," मी म्हणालो. "तुम्ही बसलात, तशी गाडी बसली."

मग अक्का हसल्या. मोठ्याने, रस्त्याकडेच्या मेंढ्या दचकतील इतक्या मोठ्याने! "ऐकलंत का हो? अजून माझ्यानं गाडी बसते! डॉक्टर म्हणतो, वाऱ्यानं उडून जाल!"

उरलेला सगळा रस्ता चाक घासत राहिले आणि त्या हसत राहिल्या. मी ताशी पंधरा मैलांनी जीप हाकली. पारनेरला पोचायला तिन्हीसांजा झाल्या, चाकातून धूर निघत होता आणि जीप डावीकडे अशी लोळण घेत होती, जशी दुरुस्तीपूर्वीही कधी घेतली नव्हती.

दारात मालन उभी होती, आणि आपले काम पाहायला मुद्दाम आलेला याकोब. मालनने बहिणीकडे एकदा पाहिले आणि तिला सगळे कळले. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या त्या पडल्याच.

याकोब मात्र चाकाशी उकिडवा बसला होता. "सायेब, हे कसं झालं? माझ्या कामात बोटभर चूक न्हाई! सांगा, माप कुनाचं चुकलं? ह्यात वजन किती—"

"माप माझे चुकले," मी म्हणालो.

याकोबच्या हातातला पाना खाली पडला. "काय म्हनला?"

"टेप उलटा धरला होता. संपूर्ण चूक माझी आहे. घरी जा, याकोब."

तराजूचा प्रश्न अक्कांनीच सोडवला. "पारडं-बिरडं नको गं मालन. गाडीनंच माझी तुला केलीय, अख्ख्या रस्त्यानं बघितलीय. गूळ वाटून टाक." बारशाच्या आधीच काकासाहेब आणि मी घरोघर फिरून तो वाटून आलो. चढ होता तेथे ढेपा मी वाहिल्या.

बारशाच्या दिवशी सकाळी मी ओसरीवर आलो, तर अक्का पायरीवर बसून अंगणाकडे टक लावून पाहत होत्या. अंगणात जीप उभी होती. रिकामी. तिची डावी बाजू चांगली वीतभर वर उचललेली होती, आणि तिच्यापुढे कोणताही युक्तिवाद टिकणार नव्हता. अक्कांनी नजर माझ्याकडे वळवली.

"दाजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही खोटं बोलायला कधीपासून लागलात?"

मी घसा साफ केला. "परवापासून."

"हं," अक्का म्हणाल्या आणि बाजूला सरकून त्यांनी पायरीवर माझ्यासाठी जागा केली. "सुरुवात उशिरा केलीत. पण हात चांगला आहे!"