सदतीस सुहैमी आणि एक पिशवी

रक्ताच्या नात्यासारखं दुसरं नातं नाही, हे सगळं जग मानतं. रक्त मात्र मानत नाही. त्याला कुणी विचारलेलं नसतं.

कराक या अरबी शहरातल्या सुहैमी घराण्याच्या वतफाबाईंचं पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा पहिली पिशवी दिराची लागली. ‘घरचंच रक्त आहे, पुढची तपासणी कशाला?’ असा विचार रक्तपेढीच्या वरिष्ठांनी केला. (वरिष्ठही सुहैमीच.) तासाभरात बाई थंडीने थडथड उडू लागल्या, ताप चढला, लघवी चहासारखी झाली. पिशवी काढली. हिमोग्लोबिन पाचावर आलं.

रक्तपेढीतल्या रिहाबने मग रीतसर तपासणी केली. गट तोच, पण सात बाळंतपणांत बाळांच्या वाटे नवऱ्याकडचं जे रक्त वतफाबाईंच्या अंगात मिसळलं, त्याच्याविरुद्ध त्यांच्या शरीराने अँटिबॉडी तयार करून ठेवल्या होत्या. घराण्यात लग्नं चुलतभावंडांतच, त्यामुळे वतफाबाई सोडून सगळ्यांचं रक्त एका साच्यातलं. सदतीस दाते तपासले, सदतीस बाद. शंभर टक्के निकाल! जिल्ह्यातल्या एकाही शाळेचा आजवर लागलेला नाही.

घराण्याने रिवाजाप्रमाणे शिष्टमंडळ आणलं. चाळीस पागोटी रक्तपेढीत बसली. रिहाबने कॉफी दिली. घराण्याचे प्रमुख शेखसाहेब यांनी कप न पिता खाली ठेवला.

“मागणं मान्य झाल्याशिवाय आम्ही घोट घेणार नाही, पोरी. त्या अँटिबॉडींना समजाव. हवा तो दंड भरतो.”

“काका, त्या माझ्या कुणी लागत नाहीत. प्या, गार होतेय.”

“मग बोलायचं कुणाशी?”

“आत काकूंशी.”

शिष्टमंडळ वॉर्डात गेलं. नवरा हाजी फल्लाह खाटेशी उभा राहिला. “चाळीस वर्षं संसार केलास, अन् आता आमचं रक्त चालत नाही होय गं?”

वतफाबाईंनी डोळे उघडले. “तोंडाने कधी बोलले का मी? आता रक्तच बोललं, त्याला मी काय करू?”

हिमोग्लोबिन साडेचार झालं. बाई हातची जाणार, आणि बाहेर चाळीस जण मानापमान सांभाळत बसलेले! एवढ्यात मंडळींच्या जेवणासाठी मागवलेल्या रोट्या घेऊन भट्टीवरचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, रोटीवाला आला. रिहाबने त्याचा दंडच धरला.

“माझं कसं चालेल, बाई? मी तर परका.”

“म्हणूनच चालेल बहुतेक. बस इथे.”

तपासलं, आणि चाललं. आधी त्याची पिशवी चढली, मग राजधानीहून आणखी दोन जुळणाऱ्या आल्या. दुसऱ्या दिवशी वतफाबाईंनी चहा मागितला, आणि साखर कमी म्हणून नवऱ्याला फैलावर घेतलं.

घराण्याने वर्तमानपत्रात पाव पान आभार छापले. सदतीस नावं, मानाप्रमाणे क्रमवार. पुढे वरिष्ठ, डॉक्टर, रिहाब आणि वॉर्डाचा पहारेकरीसुद्धा. रोटीवाल्याचं नाव नव्हतं. ते राहून गेलं असं नव्हे. पिशवीवर नुसता नंबर असतो, आणि नाव कुणी विचारलंच नव्हतं.

सुहैमींना हसणाऱ्या वाचकांनी जरूर हसावं. फक्त एवढं सांगावं, इथवर वाचताना त्यांनी तरी कुठे विचारलं?