एका दमात मस्तानमामा

"मामा आऊट झाले. आता उद्या."

क्लार्ककाका शिपायाला सांगत होते. लातूरच्या त्या शाळेत मी नुकतीच इंग्रजी शिकवायला लागले होते. दचकून वर पाहिलं, तर पांढरी टोपी, ट्रॅकपँट आणि गळ्यात शिट्टी असा साठीचा एक माणूस वाक्य अर्धवट सोडून दाराबाहेर चालला होता. चिडून नव्हे. नियमाने.

हे मस्तानमामा. दिवसा बाजारात बांगड्यांचं दुकान, संध्याकाळी बाजारपटांगणात मुलींचा कबड्डी क्लब. दुपारी ज्या हातांत बांगड्या भरायच्या, त्याच हातांतून संध्याकाळी काढायला लावायच्या. काढलेल्या बांगड्या ते जेवणाच्या डब्यात ठेवत आणि परत देताना हमखास घोटाळा करत. आमच्या आठवीतल्या निम्म्या मुली एकमेकींच्या बांगड्या घालून फिरायच्या.

मामांचा नियम एकच. महत्त्वाचं बोलणं एका दमात. दम संपला की आपण बाद, मग वाक्य कुठेही असो.

"मॅडम, एका दमात सांगितलं ते खरं," त्यांनी मला समजावलं होतं. "मधी दम घेतला की माणूस इचार करतो, आन इचार केला की खोटं बोलतो."

दुकानातही तेच. भाव एका दमात सांगायचा. गिऱ्हाईक घासाघीस करायला तोंड उघडेपर्यंत हे बाद होऊन पडद्याआड. मामी कपाळावर हात मारतात. "लगीन झाल्यापासून एक भांडण पुरं झालं न्हाई बघ पोरी. समदी अर्धवट पडून हायेत."

मामांना शाळेशी जोडी जमवायची होती. संध्याकाळी मैदान शाळेचं, शिकवणं क्लबचं. आमचं मैदान चारला कुलूपबंद होतं आणि त्यावर फक्त कबुतरं खेळतात. मुली मोठ्या झाल्या की पटांगणावर घरचे पाठवत नाहीत. शाळेच्या भिंतीआड मात्र पाठवतील. हेडमॅडमनी हे काम माझ्याकडे दिलं. मी काही बोलले नाही, तो त्यांनी होकार धरला.

मग मामा रोज मधल्या सुट्टीत येऊ लागले. मी ऐकायची, ते बोलायचे. काय बोलायचे! लाइटची सोय, मलमपट्टीची पेटी, मुलींना घरी सोडायला कोण, सगळं एका दमात, चेहरा जांभळा होईपर्यंत. दम दांडगा होता. फक्त एका वाक्याला तो पुरायचा नाही.

"मॅडम, माझी रेश्मा..."

आणि बाद. उठून चालू लागायचे.

रेश्मा त्यांची मुलगी. लग्न होऊन नांदेडला असते. तिची गोष्ट मला हप्त्याहप्त्याने मिळाली. सोमवारी, ती नववीत होती. बुधवारी, काय रेडर होती, वाऱ्यागत. मग दोन-तीन दिवस नुसतंच "माझी रेश्मा". आणि शनिवारी, मैदानाच्या कुलपाकडे बघत, "पटांगणावर लोकं बघायले म्हनून मीच म्हनलो, बस झालं आता. ती काय बी बोलली न्हाई मॅडम. भांडली असती तर..."

बाद.

त्या दिवशी जाता जाता ते दारातून परत फिरले. "कबड्डीत एक लई चांगलं हाय, मॅडम. आपला गडी मेला, तर दुसऱ्यानं पॉइंट मारला की तो जित्ता होतो."

शेवटी संस्थेच्या सचिवांनी बैठक लावली. "बाहेरच्या लोकांना मैदान द्यायचंच कशाला? उद्या कुणाचा पाय मोडला तर?"

मामांनी टोपी नीट केली, टेबलाच्या कडेला बोट लावलं आणि छाती भरून घेतली. लाइट झाले, पेटी झाली, मुलींना सोडणं झालं. सचिवांची मान हलू लागली होती.

"आन साहेब, माझी रेश्मा..."

ते थांबले. टेबलाला हात टेकून उठले, व्हरांड्यात गेले आणि बाद झालेल्या गड्यासारखे बाकावर बसले, पाठ आमच्याकडे करून.

"हे काय? वाक्य तरी पुरं करा," सचिव म्हणाले. कुणी हसलं. हेडमॅडमनी फाइल मिटायला घेतली.

बैठकीत मी "येस सर"च्या पुढे कधी गेले नव्हते. दाराच्या चौकटीत मामांची टोपी तेवढी दिसत होती. मी छाती भरून घेतली.

"सर, रेश्मा नववीत होती, फार चांगली खेळायची, पटांगणावर लोक बघतात म्हणून मामांनी तिला घरी बसवलं, आपलं गेट उघडं असतं तर ती खेळली असती, आता आपल्या आठवीच्या मुलीही घरी बसतील, म्हणून पाच ते सात मैदान उघडं ठेवा, मी थांबेन, किल्ली माझ्याकडे द्या."