नियमनिष्ठ सज्जनाचा घोडा

जगातली समस्त माणसं नऊ चौकोनांत मावतात, हे आता निर्विवाद ठरलं आहे. आडवे सज्जन, मधले, दुर्जन; उभे नियमनिष्ठ, मधले, मोकाट. कागदावर एक वीर रचून त्याचे पराक्रम टेबलाभोवती बसून तोंडानेच गाजवायचे, असा एक खेळ असतो. ही सोय त्या खेळाने करून दिली. पूर्वी माणूस ओळखण्यात जन्म जायचा. आता पेन्सिल पुरते.

दातांच्या डॉक्टरांचा वीर नियमनिष्ठ सज्जन होता. त्याने हात ठेवला की जखम भरून येई. मात्र चौकोन सुटला की हातातलं देवपणही सुटलं, असा नियम. तीन वर्षं डॉक्टरांनी त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. वकीलबाईंनी मधला-मधला चौकोन घेतला होता (कुठल्याही बाजूने बोलता येतं). डॉक्टरांचा मेहुणा मोकाट. (मोकाट चौकोन घेणाऱ्या शंभरांतले नव्वद जण घरी विचारल्याशिवाय पंखाही लावत नाहीत. उरलेले दहा विचारूनही लावत नाहीत.)

त्या शनिवारी वीरांनी भुयारात एक बुटका राक्षस धरला. डॉक्टरांच्या वीराने छातीवर हात ठेवून त्याला अभय दिलं. पण खजिन्याचं दार कसं उघडतं, ते काही तो सांगेना. अशा वेळची कार्यपद्धती ठरलेली होती: सज्जनाने घोड्याला पाणी दाखवायला बाहेर जावं आणि उरलेल्यांनी चौकशी उरकावी. सज्जनपण टिकवण्याच्या कामी घोड्याइतकं उपयोगी जनावर दुसरं नाही.

"दाजी, घोडा," मेहुणा म्हणाला.

वीर बाहेर गेला. पण खेळ चालवत होत्या ताई, डॉक्टरांच्या बायकोची थोरली बहीण, आणि त्या दिवशी त्यांना काय सुचलं कोण जाणे.

"आतून तो ओरडतोय, डॉक्टर. महाराज, शब्द दिला होतात, म्हणतोय. ऐकू येतं का बघू, टाका फासा. दहाच्या वर पडलं तर ऐकू आलं. ऐकूनही आत गेला नाहीत, तर चौकोन गेला."

आत जावं तर खजिना जाणार, आणि मेहुणा महिनाभर फुगणार. डॉक्टरांनी डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी देवाकडे कमी मागितलं. वीस बाजूंचा फासा घरंगळत गेला आणि एकोणीसवर थांबला.

"ऐकू आलं," ताई म्हणाल्या. "अगदी स्वच्छ."

डॉक्टर वाकून बराच वेळ फासा न्याहाळत राहिले.

"ताई, हा बशीला टेकलाय. असा धरत नाहीत."

वकीलबाईंनी चष्मा लावून पाहणी केली आणि टेकल्याचं जाहीर केलं. ठराव एकमताने संमत झाला (राक्षसाला मत नव्हतं). दुसऱ्यांदा चार पडले.

यथावकाश दार उघडलं. वीर घोडा बांधून आत आला. त्याने राक्षसाच्या उरलेल्या बोटांवर मायेने हात ठेवला, आणि काय सांगावं, जखमा भरून आल्या. चौकोन शाबूत होता.

वाचकहो, तुम्ही हे वाचत होतात तेव्हा आतून कुणीतरी दोनदा हाक मारली. ऐकू नाही ना आली? फासा चांगला पडला म्हणायचा.