सुपरवायझरचं गाऱ्हाणं

“उद्यापासून दत्तारामबाब कामावर येणार नाहीत,” धाकटा पात्रांव, म्हणजे आमचा नवा मालक, म्हणाला, आणि काजू सोलणाऱ्या आम्ही सगळ्या बायका हात जोडून एका सुरात ओरडलो, “व्हय म्हाराजा!”

छपराचे पत्रे हलले. दत्तारामबाब तिथेच वजनकाट्याजवळ उभा होता. माणसाची नोकरी जाते आहे आणि बायका एवढ्या उत्साहानं होकार देताहेत, असं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. पण चूक आमची अर्धीच. उरलेली अर्धी त्याची, कारण हे आम्हाला त्यानंच शिकवलं होतं.

डिचोलीजवळच्या आमच्या काजूच्या फॅक्टरीत तो सुपरवायझर होऊन आला. माणूस पेडण्याकडचा, हळर्णचा. त्याच्या आधीचा सुपरवायझर कोणी बोललं की “श्शू” करायचा. एवढी शांतता असायची की त्याच्या पोटातली गुरगुर आम्हाला ऐकू यायची. दत्तारामबाब आला तो पहिल्याच सकाळी उलट्या क्रेटवर चढला, हात जोडले, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घालायला लागला. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात, एकजण देवाकडे मागतो आणि बाकीचे प्रत्येक मागणीला होकार भरतात. फॅक्टरीत ते आणण्याची अक्कल फक्त ह्यालाच सुचली.

“बा देवा म्हाराजा! आज सालां बेगीन सुटांदी, गर अख्खो ऱ्हवांदी, आणि फुटको काय माल आसात तो शेजारच्या फॅक्टरीक जावंदी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“काल जी कोण उशिरा इली, तिका फाल्यां कोंबड्याचो आवाज ऐकाक येवंदी रे म्हाराजा!”

उशिरा आलेलीलाही “व्हय” म्हणावंच लागे, तेही सगळ्यांत मोठ्यानं, नाहीतर ओळखू येई. दुसऱ्या दिवशी ती कोंबड्याच्याही आधी हजर.

“तोंड चलला की हात चलता,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. हे तो इतक्या वेळा म्हणे की त्याचं तोंड चालायचं आणि आमचे हात. शनिवारी चहानंतर तर त्यानं सुपरवायझरला शिव्या देण्याची वेळ ठेवली होती. अट एकच, हात थांबता कामा नयेत.

“शेवंतीमावशे, सुरू कर. लाजा नको.”

मला कसली लाज! मी त्याच्या टकलापासून सुरुवात करून चपलांपर्यंत येई. तो खाली मान घालून ऐकायचा आणि मधेच म्हणायचा, “ह्या मागच्या शनवारी झाला मगो, नवीन काय तरी काड.” त्या वेळात जेवढा माल सोलून होई तेवढा एरवी कधी होत नसे. राग आला की साल पटकन निघतं, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते.

शिवाय बक्षीस होतं. जिचे गर सर्वांत जास्त अख्खे, तिला आठवडाभर खिडकीपाशी, गादीवर जागा. गादी त्यानं स्वतः शिवलेली, म्हणून एका बाजूला उशी आणि दुसऱ्या बाजूला चटई. ती दर आठवड्याला मला मिळे. बाकीच्या तोंडं वाकडी करत. मी म्हणे, करा, माझ्यासारखं सोला आणि मग बोला.

एकटी रुक्मिणी गाऱ्हाण्याला तोंड उघडत नसे. ती बेळगावकडची. “मी कामाला आलीया, जत्रंला न्हाई,” म्हणून खाली बघून साल काढत राहायची.

मग थोरले पात्रांव थकले आणि त्यांचा मुलगा कारभार बघू लागला. कामगारांना आनंदात कसं ठेवावं, हे तो परदेशात जाऊन शिकून आला होता. त्यानं दाराशी दोन बटणं बसवली, एकावर हसरं तोंड, दुसऱ्यावर रडकं. घरी जाताना एक दाबायचं. आम्ही सगळ्या हसरं दाबायचो, कारण ते दाराच्या बाजूला होतं. पात्रांव खूश. त्याला आमचा आनंद हवा होता, फक्त त्याचा आवाज नको होता. एका शनिवारी तो दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी दत्तारामबाबाच्या चपलांपर्यंत पोचले होते. तिथेच त्याचं काय करायचं ते ठरलं.

म्हणून त्या सकाळी, गाऱ्हाण्याच्याच वेळेला, पात्रांव क्रेटवर चढला. त्यानं नमस्काराला हात जोडले. झालं! आमचेही जोडले गेले.

“दत्तारामबाबांनी इथं खूप काम केलं.”

“व्हय म्हाराजा!”

“आता त्यांनी विश्रांती घ्यावी असं आम्हाला वाटतं.”

“व्हय म्हाराजा!”

तिसरं वाक्य मी सुरुवातीलाच सांगितलं. तोंड चालू होतं, डोकं मागून आलं. आलं तेव्हा उशीर झाला होता.

दत्तारामबाब हसला. “पात्रांव, एक शेवटचा घालू?” पात्रांवाला वाटलं, भाषण असेल. म्हणाला, “आटपा लवकर.”

“बा देवा म्हाराजा! ही रुक्मिणी पोरांक गावाक ठेवन इली आसा. तिका मे महिन्यात रजा गावांदी रे म्हाराजा!”

नको तेव्हा पत्रे हलवले होते, आता हवं तेव्हा ‘व्हय’ कुणाच्या तोंडून निघेना.

“शेवंतीमावशेक डोळ्यांनी कमी दिसता. तिका खिडकीपासून उठवची बुद्धी कोणाक होव नये, आणि ही गजाल पात्रांवाक कळा नये रे म्हाराजा!”

ही गुपिताची गोष्ट तो पात्रांवाच्या पुढ्यात, खच्चून ओरडून सांगत होता. मी वाचले ते एवढ्यासाठीच की परदेशात आमची बोली शिकवत नाहीत. पात्रांवानं टाळ्या वाजवल्या. आणि मला तेव्हा कळलं की दर आठवड्याला माझे अख्खे गर जास्त कसे भरत. ते मोजणारा तोच होता.

“होय महाराजा,” मागून आवाज आला. एकटी रुक्मिणी बोलली होती, तिच्या गावच्या सुरात.

दुपारी तो स्कूटरला पिशवी लावत होता. मी फाटकापर्यंत गेले. म्हटलं, “सवयीनं गेलं रे आमच्या तोंडातून.”

“ठावक आसा माका,” तो म्हणाला. “हय येवच्या आदी मी खाणीर होतंय. खाण बंद पडली तेव्हा सुर्लाच्या धक्क्यार राखणेक मी एकटोच होतंय. बायल गेलेली, घराक जावन तरी काय करतलंय? रोज सकाळी गाऱ्हाणा घालीय. समोर नुसती उभी यंत्रां. व्हय म्हणूक कोण नाय.” त्यानं स्कूटरला किक मारली. “आज बरा जोरान म्हटलात.”

आता सकाळी भिंतीवरच्या स्पीकरवर गाणी लागतात आणि कोणी बोलत नाही. बटणं तशीच आहेत. उलटा क्रेट सरळ करून त्यात सालं भरतात. बऱ्याच बायका सोडून गेल्या. त्या सकाळच्यांपैकी फॅक्टरीत आता रुक्मिणी आणि मी आहोत. मी खिडकीपाशी बसते, तिथून उठवायची बुद्धी अजून कोणाला झालेली नाही.