मैत्रिणींची रीतसर मोजणी

रिंकूला दहावीच्या पेपरांना जादा वेळ हवा होता. त्यासाठी तिला मैत्रिणी किती, हे शाळेने ठरवणे आवश्यक होते. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी लक्ष टिकू न देणारा एडीएचडी असल्याचे लिहून दिले होते. पण डॉक्टरच्या सहीने आजार होतो, प्रकरण होत नाही. प्रकरणाला प्रपत्र लागते. प्रपत्रात रकाना होता : ‘विद्यार्थिनीच्या स्वतःच्या मते तिच्या मैत्रिणींची संख्या.’

रिंकूने लिहिले, ‘वर्गातल्या सगळ्या.’ मासे धरणाऱ्या ढिवराची पोर. मूल गावाजवळच्या त्यांच्या तलावावर जाळ्याच्या दोरीला जो हात लावेल त्याला मासोळीचा वाटा मिळतो. तो माणूस आवडतो का, हे कोणी विचारत नाही. तिने वर्गालाही तोच कायदा लावला.

अशी प्रकरणे तपासणाऱ्या शाळेच्या समितीचे प्रमुख हेमराज सर. त्यांनी वर्गात खात्री केली. “रिंकूच्या मैत्रिणी, हात वर!”

दोन हात वर झाले. रिंकू मागच्या बाकापर्यंत पुन्हा एकदा मोजून आली.

शेरा पडला : ‘स्वतःविषयी अवास्तव कल्पना. प्रपत्र परत.’

दुसऱ्या प्रपत्रात तिने ‘दोन’ लिहिले. शेरा : ‘न्यूनगंड. आधी समुपदेशन.’ त्यात सरांनी तिला पाऊण तास सांगितले, की समोरच्याला बोलू द्यावे. तिला एक वाक्य बोलू दिले नाही.

रिंकूची आई मनकर्णा शाळेत आली आणि तिने मासोळीची टोपली दाराशी ठेवली. “सर, पोरीले येळ पायजे जी. मैतरणी मांगाले नाई आलो आमी.”

“बाई, नियम मी केला का?”

“मंग पाळून काऊन राह्यले, बापाचा असल्यावानी?”

समिती बसली. चिवडा संपेपर्यंत चर्चा होऊन ‘पाच’ हा आकडा ठरला. रिंकूने सांगितल्याप्रमाणे पाच लिहिले. अहवाल गेला : ‘विद्यार्थिनीचे स्वमत समितीच्या मताशी तंतोतंत जुळते. स्वतःची एवढी अचूक जाण असलेल्या मुलीस विकार संभवत नाही. जादा वेळ नामंजूर.’

“सर,” रिंकूने विचारले, “तुमाले किती दोस्त आहेत?”

“मले? अख्खी शाळा!”

रिंकू लगेच शिक्षकखोलीकडे वळून ओरडली, “सरायचे दोस्त, हात वर करा!”

अकरा शिक्षक होते. एकाचे पेनाचे टोपण हरवले. एकीचा फोन न वाजताच आला. शिपाई मुखरूभाऊंचा हात तेवढा वर गेला, तोही पंख्याचे बटण बंद करायला.

सरांच्या ‘अख्खी शाळा’वर मात्र ‘अवास्तव कल्पना’ असा शेरा कोणी मारला नाही. मार्चात घंटा वेळेवर झाली, आणि रिंकूचे येत असलेले दोन प्रश्न कोरे राहिले.

सरांना हसलात ना? आज घरी ‘माझे दोस्त, हात वर करा’ म्हणा, रिंकूसारखे, मोठ्याने. त्याआधी पंखा तेवढा बंद करून घ्या.