चार बोटं खोल

मास्तरांचा आयुष्यात दोनच गोष्टींवर विश्वास होता : भूमिती आणि स्वतः. दोघांत मतभेद झाला, तर चूक भूमितीची.

म्हणून रविवारी सकाळी घरामागच्या अंगणात उभं राहून त्यांनी जाहीर केलं, "जमीन चार बोटं खोल खणली जाईल. पाचवं बोट बुडालं, तर मास्तर म्हणू नका!"

श्रोत्यांत बायको होती, सासूबाई होत्या आणि अर्ध्या दाढीला साबण लावून कुंपणावरून मान काढून उभे राहिलेले शेजारचे वकील होते. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत.

बायको म्हणाली, "चारच ना? नक्की? खाली गॅस आहे हो!"

खाली गॅस होताच. महिन्यापूर्वी गॅसवाल्याने या अंगणातून चर खणून स्वयंपाकघरापर्यंत पाइप आणला होता. जाताना सांगून गेला होता, "हातभर खाली आहे. वर पिवळी पट्टी अंथरलीय. खणताना पिवळं दिसलं की जागच्या जागी थांबायचं आणि लांब पळायचं." थांबायचं आणि पळायचं एकदम कसं, हे विचारेपर्यंत तो फाटकाबाहेर गेला होता. तेव्हापासून बायको त्या अंगणात कपडे वाळत घालतानासुद्धा चवड्यांवर चालायची.

बुजवलेल्या चरावर गॅसवाल्याने चुन्याची रेघ मारून ठेवली होती. शनिवारी मास्तरांनी माती मऊ व्हावी म्हणून दोन तास नळी सोडली. माती लोण्यासारखी झाली. रेघही गेली.

"रेघ कशाला हवी?" मास्तर म्हणाले होते. "माझ्या डोक्यात आहे ती."

आता टिलरविषयी. टिलर म्हणजे हाताने चालवायचा छोटा नांगर. वर पेट्रोलचं इंजिन, खाली गरगर फिरणारी पाती, मागे दोन मुठी आणि त्या मुठींना लोंबकळणारा माणूस. पात्यांनी किती खोल जायचं, हे मागचा एक लोखंडी दांडा ठरवतो. टिलर होता वकिलांचा आणि त्याचा दांडा हरवलेला. यंत्र देताना वकिलांनी तसं कागदावर लिहून खाली मास्तरांची सही घेतली होती : 'दांडा नसल्याची पूर्ण कल्पना घेणाऱ्यास आहे.'

दुसरा एखादा असता तर त्याने टिलर परत करून कुदळ घेतली असती. मास्तर माळ्यावर चढले आणि सासूबाईंचा वॉकर घेऊन उतरले.

सासूबाईंचं कमरेचं हाड मोडलं होतं, ते आता जुळलं होतं. आठच दिवसांपूर्वी डॉक्टर म्हणाले होते, की वॉकर सोडा. मास्तरांनी तो सोडवलाही होता. त्याच्या चारही पायांना बटणं होती. बटण दाबलं की पाय एकेक भोक वर किंवा खाली सरके.

"बघ," मास्तर बायकोला म्हणाले, "आयती मोजपट्टी! पाय जितका लांब, तितकी पाती वर. त्या कारखानदारांना इतकं साधं कसं सुचलं नाही कोण जाणे!"

"जावईबापू, जसा नेलात तसा आणा म्हणजे झालं," सासूबाई म्हणाल्या.

चार लोखंडी पट्ट्या, सायकलची जुनी ट्यूब आणि शनिवारच्या दुपारभराची आदळआपट एवढ्यावर वॉकर टिलरच्या मागे जोडला गेला. एखाद्या म्हाताऱ्याने उधळलेल्या रेड्याची शेपटी धरावी, तसं ते दिसत होतं. मग पडवीच्या फरशीवर मास्तरांनी वॉकरच्या चार पायांखाली भूमितीची चार पुस्तकं ठेवली. प्रत्येक पुस्तक बरोबर चार बोटं जाड. पाती फरशीला टेकेपर्यंत बटणं सरकवली आणि पुस्तकं काढून घेतली. झालं! आता पाती चार बोटांच्या खाली जाणं शक्यच नाही. चालता चालता खात्री करता यावी म्हणून बायकोच्या शिलाई मशीनच्या खणातली टेपही त्यांनी वॉकरच्या आडव्या दांडीला लटकवून ठेवली.

बायकोने वाकून ते पाय निरखले.

"अहो, पायांखाली फळ्या घाला की. मऊ मातीत ते रुततील."

"अगं, रबराचे बूट आहेत त्यांना."

"बूट काय, आपण सगळेच बूट घालून चिखलात रुततो."

"तांत्रिक बाबतीत भावनेच्या आहारी जाऊ नये!"

"ठीक आहे. पण या वेळी काही झालं तर तुमची ती हत्यारांची पेटी भंगारवाल्याच्या गाडीवर जाईल. सांगून ठेवते."

हे मात्र मास्तरांना लागलं. मागे त्यांनी आपोआप बंद होणारं फाटक बनवलं होतं आणि त्याने पोस्टमनला पिशवीसकट पाऊण तास धरून ठेवलं होतं. तेव्हाच पेटी जायची, थोडक्यात वाचली होती.

तर रविवारी सकाळी दोरी ओढली गेली. टिलरने ठसका दिला, धूर सोडला आणि गुरगुरायला लागला. पहिली ओळ सुरेख गेली. कुंपणाकडची जमीन टणक होती, तिथे वॉकर शहाण्यासारखा मागून चालला. मास्तरांनी वळून विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं.

दुसरी ओळ मध्यावर आली आणि वॉकर एकदम गुडघ्यात वाकल्यासारखा खाली बसला.

बुजवलेला चर! अख्ख्या अंगणातली सगळ्यात मऊ माती तीच, आणि तिच्यावर दोन तासांचं पाणी. वॉकरचे चारही पाय बुटांसकट आत गेले. टिलरचं पुढे जाणं थांबलं. पाती मात्र फिरतच राहिली. पुढे जाता येईना, म्हणून टिलर खाली निघाला.

"मूठ सोडा!" वकील ओरडले.

मूठ सोडली की इंजिन मंदावतं, हे मास्तरांना ठाऊक होतं. पण त्यांच्या बोटांना कुणी कळवलं नव्हतं. ती आणखी घट्ट आवळली गेली. टिलर वीतभर उतरला. वॉकर कुरकुरला, त्याची दांडी पात्यांकडे कलली आणि खड्ड्यातून पिवळं काहीतरी वर आलं.

पिवळं! चांगलं हातभर लांब, पात्यांना गुंडाळत, तुकडे तुकडे उडवत.

इंजिन गचके खाऊन बंद पडलं आणि त्या शांततेत मास्तरांच्या नाकाला तो वास आला. उग्र, गोडसर, डोक्यात जाणारा.

"अहो?" बायकोचा आवाज. "अहो, बोला ना! काय झालं?"

मास्तरांची बोबडी वळली होती. वर्गात साठ पोरांना एका शब्दात गप्प करणारा तो गळा! त्यातून फक्त "पि... पि..." एवढंच निघालं. मग सगळंच एकदम निघालं.

"काडी ओढू नका! दिवा लावू नका! बेल वाजवू नका! पळा!"

पळापळ झाली. बायकोने एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात, कारण तिलाही माहीत नव्हतं, पण इस्त्री घेतली. वकील अर्ध्या दाढीवर साबण तसाच ठेवून धावले. धावता धावता बजावतही होते, "ताबा तुमचा होता, मास्तर! कालपासून ताबा तुमचा!" गल्लीतली सगळी घरं रिकामी झाली. कोपऱ्यावर पोचून मास्तरांनी डोकी मोजली. एक कमी भरलं.

"आई! आई मागेच राहिल्या! वॉकर तर मी..."

"मी इथे आहे," सासूबाई म्हणाल्या. त्या सगळ्यांच्या आधी पोचून सायकलवाल्याच्या दुकानापुढच्या स्टुलावर बसल्या होत्या.

बायकोने गॅसवाल्याला फोन लावला. तो येईपर्यंतची वीस मिनिटं मास्तर घराकडे बघत उभे होते. त्यांना स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती. ती आता जाणार. मग तो निळा पडदा, तो बायकोने स्वतः शिवलेला. शेजारी वकिलांची पडवी. पलीकडचं घर, तिथे तर पाळणा होता. त्यांनी बायकोचा खांदा धरला.

"पेटी देऊन टाक," ते पुटपुटले. "आजच दे."



गॅसवाला आला. माणूस बुटका आणि बिनघाईचा. तो एकटाच अंगणात गेला. जरा वेळाने त्याने हाताने खूण केली. सगळे आले, पण कुंपणापर्यंतच. मास्तरांना मात्र त्याने आत बोलावलं.

"वास पेट्रोलचा आहे," तो म्हणाला. "यंत्र कलंडलंय. टाकीचं झाकण कुणी घट्ट केलं नव्हतं."

"झाकणाचा उल्लेख कागदात नाही," कुंपणावरून वकील म्हणाले.

"पण... ते पिवळं?" मास्तरांनी विचारलं.

गॅसवाल्याने पात्यांतून एक लांब तुकडा ओढून काढला, डोळ्यांजवळ धरला आणि सावकाश वाचला. "एक्केचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस." मग वर पाहिलं. "आमच्या पट्टीवर आकडे नसतात, सर."

"माझी टेप!" बायको ओरडली.

गल्ली जी हसली! सायकलवाला तर जमिनीवरच बसला. मास्तरही हसणार होते. गॅसवाला मात्र हसत नव्हता. तो खड्ड्याशी पालथा झाला होता आणि तळाची माती हळूहळू हातांनी बाजूला सारत होता. एक बोट, दोन बोटं, तीन. चौथ्या बोटाला खाली पिवळं लागलं. या पट्टीवर खरंच आकडे नव्हते. लाल अक्षरं होती.

कुणी हसेना.

"तुम्ही तर... हातभर म्हणाला होतात," मास्तर म्हणाले.

गॅसवाल्याने खड्ड्यात हात घातला. पट्टीपासून जमिनीपर्यंत तो कोपरापर्यंत बरोबर बसला. हात आखूडच होता. "हातभरच आहे," तो म्हणाला. "खड्डा किती गेलाय ते नक्की सांगता आलं असतं, पण टेप राहिली नाही. चार बोटं शिल्लक होती एवढं खरं."

मास्तरांनी ते चार बोटांचं अंतर पाहिलं आणि त्यांचे गुडघे जे गेले ते गेलेच. गॅसवाल्याने पट्ट्या सोडून वॉकर मोकळा केला. सासूबाई कुंपणाशी आल्या. वॉकर परत मिळाला का विचारतील असं वाटलं, पण त्या म्हणाल्या, "राहू द्या, जावईबापू. आता तुम्हालाच लागेल."

दोन्ही हातांनी वॉकर धरून, एकेक पाऊल टाकत, मास्तर अंगणातून घराकडे निघाले. प्रत्येक पावलाला वॉकरचे चार पाय मऊ मातीत रुतत होते आणि मागे चार गोल भोकं उरत होती.

बायको मागून येत होती. तिने वाकून एका भोकात बोटं आडवी धरून पाहिली.

"अहो," ती म्हणाली, "चार. अगदी बरोबर आलं."