पाच टक्के चालतंय

आमच्या अहमदपुरातले रशीदचाचा रंग बघत नाहीत, वाचतात. माझी बायको नवी साडी नेसून निघाली, तर चाचा दुकानातूनच म्हणाले, "हिरवा, लाल, काळा. बावन्न ओहम! सूनबाई, असला माल बाजारात येतच न्हाई." ही स्तुती की टोमणा, हे तिला अजून कळलेलं नाही.

चाचा रेडिओ-मिक्सर दुरुस्त करतात. त्यातल्या रेझिस्टर नावाच्या चिमुकल्या भागावरच्या रंगीत पट्ट्या म्हणजे त्याच्या ओहमचे आकडे. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, असे पांढऱ्या नऊपर्यंत; तिसरी पट्टी मात्र पुढे किती शून्यं लावायची ते सांगते, काळी असली तर एकही नाही. शेवटची पट्टी सोनेरी असली तर किंमत पाच टक्के इकडेतिकडे झालेली खपते. चाचांनी हा नियम अख्ख्या दुनियेला लावला. एसटी उशिरा आली, भाजी खारट झाली, तरी "पाच टक्के चालतंय, सर!" स्वतःच्या कामात मात्र चाळीस वर्षांत एक पट्टी चुकली नाही, हा त्यांचा तोरा.

परवा त्यांच्या घराला रंग देणं चाललं होतं. स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीवर दहा रंगीत पट्ट्या दिसल्या. पेंटरनं ब्रश उचलला आणि चाचा ओरडले, "तेवढं सोडून!"

"एवढा मोठा रेझिस्टर कशाला, चाचा?" मी चेष्टा केली.

"परवीनचा नंबर हाय, सर."

परवीन म्हणजे त्यांची नांदेडला दिलेली लेक. चाची शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या, आकडे येत नव्हते. म्हणून चाचांनी भिंतीवर नंबर रंगवला आणि मोबाईलच्या बटणांवर तेच रंग लावले. चाची रंग जुळवून रोज लेकीशी बोलायच्या. तपकिरीच्या जागी लाल दाबलं, की फोन औशाच्या एका बाईला लागायचा. चाची तिच्याशीही अर्धा तास लोणच्यावर बोलायच्या. दोन वर्षांपूर्वी चाची गेल्या.

"परवीनला सांगतो, रंग झाला म्हणून," म्हणत चाचांनी तोच जुना मोबाईल काढला. नंबर पाठ असूनही ते एकेका पट्टीवर बोट ठेवत बटणं दाबत होते. बोट तपकिरी पट्टीवर होतं, आणि अंगठा लाल बटणावर पडला. मी स्वतः पाहिलं.

फोनमधून मोठ्यानं आवाज आला, "भाभी! लई दिवसांनी! बऱ्या हाव ना?"

चाचांनी फोन कानाला लावला.

"मी घरवाला बोलतोय, ताई. हाव, बरी हाय ती. तुमची आठवण काढत होती."

फोन बंद करून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"पाच टक्के चालतंय, सर," ते म्हणाले.